घटक ५ : डॉ. कमला सोहोनी : एका विज्ञान-प्राध्यापिकेचे चरित्र

५.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रांनो, हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,

• डॉ. कमला सोहोनी यांच्या जीवनाचे प्रमुख टप्पे क्रमाने सांगता येतील.
• भारतातील विज्ञानसंस्थांमध्ये स्त्रियांचा प्रवेश कोणत्या परिस्थितीत झाला, हे स्पष्ट करता येईल.
• प्राध्यापकाच्या जीवनात अध्यापन, संशोधन आणि समाजोपयोग यांचा संबंध कसा असतो, हे सोदाहरण विशद करता येईल.
• चरित्र वाचताना घटना आणि तिचा अन्वयार्थ यांत फरक कसा करावा, हे सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्ये पाहिली. चरित्र म्हणजे केवळ जन्म, शिक्षण, नोकरी आणि मृत्यू यांची जंत्री नव्हे. एका व्यक्तीच्या जीवनातून तिचा काळ दिसावा आणि त्या काळाशी तिने कसा व्यवहार केला हेही दिसावे, अशी चरित्राकडून आपली अपेक्षा असते. प्रस्तुत घटकात आपण याच दृष्टीने जीवरसायनशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचे चरित्र अभ्यासणार आहोत.

मराठीच्या अभ्यासक्रमात रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या परिसरातच सापडेल. आपल्यापैकी अनेक जण मुक्ताईनगर, बोदवड, रावेर, भुसावळ या भागांतील आहेत. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखले जाणारे हे गाव आज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या संत मुक्ताबाई वयाने लहान होत्या. परंतु परंपरा असे सांगते, की वयाने आणि कीर्तीने कितीतरी मोठ्या असलेल्या योगी चांगदेवांनी त्यांचे गुरुत्व स्वीकारले. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेवाचे मंदिर आपण पाहिले असेलच. रुसून बसलेल्या ज्ञानेश्वरांनी दार उघडावे म्हणून मुक्ताबाईंनी केलेल्या विनवणीचे ‘ताटीचे अभंग’ही आपल्या परिचयाचे आहेत. ज्ञानाचा अधिकार वयावर किंवा स्त्री-पुरुष भेदावर ठरत नाही, ही गोष्ट आपल्या भूमीने फार पूर्वी मान्य केली आहे. मात्र परंपरेने मान्य केलेली गोष्ट संस्थांच्या व्यवहारात उतरायला किती काळ लागतो, याचे उत्तर या घटकातील चरित्र देते.

आणखी एक कारण आहे. दूरशिक्षणाचा मार्ग पत्करणाऱ्या बहुतेकांच्या आयुष्यात कधीतरी शिक्षणाचे एखादे दार बंद झालेले असते. कोणाला घरच्या परिस्थितीमुळे, कोणाला लग्नामुळे, कोणाला नोकरीमुळे शिक्षण सोडावे लागलेले असते. म्हणून हे चरित्र आपल्याला दुरून वाचण्याचे कारण नाही. ते वाचताना आपला अनुभव सोबत ठेवावा.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ घर आणि घडण

कमलाबाई माहेरच्या भागवत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगलोर येथे जमशेटजी टाटा यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत अगदी आरंभीच्या काळात शिकलेल्या विद्यार्थ्यांत या दोघा भावांचा समावेश होता. त्या संस्थेला सामान्य लोक तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. आपणही मोठेपणी तेथेच जावे, असे या घरातील मुलीला वाटले यात नवल नाही.

या घराची आणखी एक ओळख मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक आणि ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’ या ग्रंथांच्या लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. १९७५ साली कऱ्हाड येथील मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध घेतलेली भूमिका प्रसिद्ध आहे. एक बहीण साहित्यात आणि दुसरी विज्ञानात गेली. परंतु जे पटत नाही ते पटत नाही असे स्पष्ट सांगण्याचा स्वभाव दोघींचा सारखाच होता. एकाच घरातील दोन मुलींना आपापली दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता आणि पदार्थविज्ञान हा उपविषय. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. पुढील संशोधनासाठी त्यांनी बंगलोरच्या संस्थेकडे अर्ज केला. गुणांचा आणि घराण्याच्या परंपरेचा विचार करता प्रवेश मिळणार याविषयी त्यांच्या मनात शंका असण्याचे कारण नव्हते.

५.२.२ बंगलोरचे बंद दार

प्रवेश नाकारला गेला. नाकारण्याचे कारण गुण नव्हते, तर अर्जदार मुलगी होती हे होते. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि १९३३ मध्येच ते संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. संशोधनाचे काम स्त्रियांना पेलणार नाही, असे त्यांचे मत होते.

या ठिकाणी आपण थोडे थांबून परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. नकार देणारी व्यक्ती कोणी सामान्य अधिकारी नव्हती. संपूर्ण देशाला जिचा अभिमान वाटत होता, अशी ती व्यक्ती होती. वडिलांनी आणि काकांनी रदबदली केली, परंतु तिचाही उपयोग झाला नाही. अशा वेळी एखादी विद्यार्थिनी घरी परतली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. कमलाबाई परतल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या आणि प्रवेश का नाकारला याचे कारण त्यांनी प्रत्यक्ष विचारले. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्याच विचारातून त्यांनी संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रहाचा मार्ग स्वीकारला. देशात तेव्हा सविनय कायदेभंगाचे वातावरण होते. परकीय सत्तेविरुद्ध वापरले जाणारे साधन या तरुणीने स्वदेशी संस्थेतील अन्यायाविरुद्ध वापरले.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम पसंत पडले तरच ते वर्ष ग्राह्य धरले जाणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, काम करावे लागणार होते. आणि प्रयोगशाळेचे वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये, अशीही एक अट होती. यांपैकी शेवटची अट आपण पुन्हा एकदा वाचावी. पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होण्याची जबाबदारी तिने अगोदरच तिच्या माथी टाकली होती.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. ही तडजोड होती काय? काही अभ्यासक तसे म्हणतील. परंतु सत्याग्रहाचे उद्दिष्ट प्रयोगशाळेत प्रवेश हे होते आणि ते साध्य झाले होते. अपमान झाला नाही असे त्यांनी कधीच भासवले नाही. पुढे कितीतरी दशकांनी, वृद्धापकाळी झालेल्या एका सत्कारप्रसंगीही या वागणुकीचे शल्य त्यांनी बोलून दाखवले. रामन यांच्या वैज्ञानिक थोरवीविषयी त्यांना आदर होता, परंतु त्या थोरवीमुळे अन्यायाचा विसर पडावा असे त्यांना वाटले नाही.

संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे आणि कठोर होते, पण गुणी विद्यार्थ्याला हातचे काही न राखता शिकवणारे होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. विषयाची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या देशातील बहुसंख्य लोकांना प्रथिने मुख्यतः डाळींमधून मिळतात, त्या देशात डाळीच्या दाण्याचा रासायनिक अभ्यास हा थेट जनतेच्या ताटाशी जोडलेला होता. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली. एका वर्षाच्या कामानंतरच रामन यांचे समाधान झाले होते. त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंच्या पाठोपाठ येणाऱ्या मुलींना कार्यालयाबाहेर बसावे लागले नाही.

आपली प्रगती तपासा – १

एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
१. कमलाबाईंना बंगलोरच्या संस्थेत प्रथम प्रवेश का नाकारण्यात आला?
२. प्रवेश देताना त्यांना कोणत्या अटी घालण्यात आल्या?
३. बंगलोर येथे त्यांनी कोणत्या विषयावर संशोधन केले?

५.२.३ केंब्रिज : चाळीस पानांचा प्रबंध

बंगलोरनंतर कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्याबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंनी प्रथम डॉ. डेरेक रिक्टर यांच्यासमवेत काम केले. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या.

येथे विज्ञानाचा थोडा भाग समजून घेऊ. आपण श्वास घेतो तेव्हा शरीरात गेलेला प्राणवायू अन्नातून ऊर्जा मोकळी करण्याच्या कामी येतो. हे काम पेशींमध्ये एका फटक्यात होत नाही. आगीवर बादल्यांनी पाणी टाकताना माणसांची रांग जशी बादली हातोहात पुढे देते, तसे पेशीतील काही पदार्थ इलेक्ट्रॉन एकमेकांकडे सोपवत जातात. या साखळीतील एक दुवा म्हणजे ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन. सायटोक्रोमांचे हे कार्य केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली प्रकाशात आणले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना त्याच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले आणि वनस्पतींच्या श्वसनातही त्याचा सहभाग असल्याचे प्रतिपादन केले. प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वसनाची मूळ यंत्रणा किती जवळची आहे, हे या प्रकारच्या संशोधनातून स्पष्ट होत गेले.

केंब्रिजला पोहोचल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत त्यांचे काम पूर्ण झाले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. प्रबंधाची योग्यता त्याच्या जाडीवर ठरते, अशी समजूत आजही अनेक विद्यार्थ्यांमध्ये आढळते. त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. १९३९ साली कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत.

केंब्रिजविषयी एक गोष्ट आपल्याला माहीत असणे आवश्यक आहे. स्त्रियांना पदवीचे सर्व अधिकार आणि विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व देण्याचा निर्णय या विद्यापीठात १९४८ साली अमलात आला. म्हणजे कमलाबाई तेथे असताना जगातील त्या नामांकित विद्यापीठातही स्त्रियांचे स्थान दुय्यमच होते. स्त्रियांवरील अविश्वास ही केवळ आपल्या देशाची उणीव होती, असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरेल. फरक इतकाच, की केंब्रिजच्या प्रयोगशाळेत त्यांना बरोबरीने काम करू देणारे सहकारी भेटले.

५.२.४ परतीचा निर्णय : दिल्ली आणि कुन्नूर

पदवी मिळताच कमलाबाई मायदेशी परतल्या. परदेशात राहणे त्यांना शक्य होते. परंतु स्वातंत्र्यलढ्याच्या काळात आपले ज्ञान आपल्या देशाच्या कामी यावे, अशी त्यांची धारणा होती. नवी दिल्लीतील लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला होता. तेथे त्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून रुजू झाल्या. हे महाविद्यालय १९१६ साली खास स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी सुरू झाले होते. शिकण्यासाठी जिला सत्याग्रह करावा लागला, ती काही वर्षांतच डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवू लागली.

त्यानंतर त्या निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उभारलेली ही प्रयोगशाळा भारतीय आहाराच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध होती. पुढे १९५८ साली ती हैदराबादला हलवण्यात आली. कुन्नूरला कमलाबाईंनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर संशोधन केले. मात्र तेथे पुढे जाण्याचा मार्ग त्यांना स्पष्ट दिसेना. पात्रता असूनही वरच्या पदाची वाट मोकळी नसणे हा अडथळा उघड नकारापेक्षा वेगळा असतो. उघड नकाराविरुद्ध सत्याग्रह करता येतो. जो नकार कोणी तोंडाने देतच नाही, त्याविरुद्ध काय करावे?

याच सुमारास विमागणिताचे तज्ज्ञ असलेल्या मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. लग्नानंतर स्त्रीचे काम संपते, हा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव होता. कमलाबाईंच्या कार्याचा सर्वांत मोठा कालखंड मात्र लग्नानंतरच सुरू झाला.

५.२.५ मुंबईची विज्ञान संस्था : अध्यापन आणि संशोधन

मुंबईच्या विज्ञान संस्थेत तेव्हा जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू होत होता. १९४९ साली कमलाबाई तेथे प्राध्यापक झाल्या. नव्या विभागात शिकवणे म्हणजे तयार घडीवर बसणे नव्हे. अभ्यासक्रम, प्रयोग, उपकरणे आणि संशोधनाचे विषय हे सर्व उभे करावे लागते. विद्यार्थी नवखे असतात आणि विषयही त्यांना नवा असतो. अशा वेळी संशोधनाचे विषय कोणते निवडावेत, यावर विभागाचा स्वभाव ठरतो.

कमलाबाईंनी निवडलेले विषय पाहिले म्हणजे त्यांची दृष्टी लक्षात येते. कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा हे तिन्ही पदार्थ गरिबांच्या आहारातील किंवा त्यांना सहज मिळू शकणारे आहेत. परदेशी प्रयोगशाळांतील प्रचलित विषय उचलून विद्यार्थ्यांना देणे सोपे होते. त्यांनी बाजारातील पोत्यात आणि झाडावरच्या मडक्यात विषय शोधले.

प्रथम कडधान्यांचा विचार करू. वाल, पावटा यांसारख्या दाण्यांत प्रथिने भरपूर असतात. परंतु त्यांतच असा एक पदार्थ असतो, जो आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतो. त्याला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. दाणा कच्चा खाल्ला तर त्यातील प्रथिनाचा पूर्ण लाभ शरीराला मिळत नाही. उष्णतेने हा रोधक बहुतांशी निष्प्रभ होतो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय कडधान्यांतील या रोधकांचा पद्धतशीर अभ्यास केला. वालातील रोधक स्फटिकरूपात वेगळा करण्याचे त्यांच्या प्रयोगशाळेतील काम १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कडधान्य भिजवावे, मोड आणावेत आणि नीट शिजवावे, हा आपल्या आजीचा नियम होता. त्या नियमामागील कारण अशा संशोधनातून कळते.

आपण खानदेशातील असाल तर आणखी एक उदाहरण घरातच मिळेल. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आपण खाल्ली असेल. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो, तर उडदाच्या प्रथिनात तो चांगल्या प्रमाणात असतो. उलट उडदात मिथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आल्यावर एकाची उणीव दुसरे भरून काढते. लोकांच्या आहारात साठलेले असे शहाणपण तपासून पाहणे आणि त्याचे कारण सांगणे, हे पोषणशास्त्राचे काम आहे. लोकसाहित्याच्या क्षेत्रात दुर्गाबाईंनी केलेले काम याच्याशी ताडून पाहावे. लोकांच्या नित्य व्यवहारातील गोष्ट अभ्यासास पात्र आहे, हा विश्वास दोघी बहिणींत समान होता.

दुसरा विषय नीरेचा. ताड किंवा शिंदीच्या झाडापासून मिळणारा गोड रस सूर्योदयापूर्वी उतरवला तर ती नीरा. तोच रस आंबला की ताडी. नीरेचा आहारात उपयोग व्हावा, असे तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवले होते. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने या रसाचा अभ्यास केला. त्यात अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे आणि रस आटवून केलेल्या गुळात व काकवीतही हे घटक टिकून राहत असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यास प्रकृतीत सुधारणा होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा प्रश्न किती खरा आहे, हे वेगळे सांगायला नको.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेसंबंधी सल्ला दिला. बंगलोरला दूध आणि डाळी यांपासून सुरू झालेले त्यांचे काम अशा रीतीने मुंबईच्या घराघरांतील दुधापर्यंत पोहोचले.

आपली प्रगती तपासा – २

योग्य पर्याय निवडा.
१. कमलाबाईंनी केंब्रिज येथे (गहू / बटाटा / ऊस) या वनस्पतीच्या पेशींवर काम केले.
२. त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत (१९३९ / १९४७ / १९४९) साली प्राध्यापक झाल्या.
३. (नीरा / ताक / मध) या पदार्थावरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

५.२.६ संचालकपद आणि ग्राहक चळवळ

विभागाचे काम, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि प्रसिद्ध झालेले संशोधन यांचा विचार करता विज्ञान संस्थेचे संचालकपद कमलाबाईंकडे यथाकाल यायला हवे होते. ते सुमारे चार वर्षे उशिरा आले. अंतर्गत राजकारणामुळे हा विलंब झाला. अखेरीस त्या संचालक झाल्या तेव्हा एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी एक स्त्री येणे ही घटना ऐतिहासिक मानली गेली. १९३३ साली संचालकांच्या दाराबाहेर बसलेली विद्यार्थिनी आता स्वतः संचालकाच्या खुर्चीत होती. या प्रवासाला सुमारे तीस वर्षे लागली, हे मात्र आपण विसरू नये.

निवृत्तीनंतरही त्यांचे काम थांबले नाही. १९६६ साली मुंबईत काही जागरूक स्त्रियांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही ग्राहक संघटना स्थापन केली. तिच्या कार्यात कमलाबाई सक्रिय सहभागी झाल्या. खाद्यपदार्थांतील भेसळ हा गृहिणींच्या रोजच्या चिंतेचा विषय होता आणि त्याची तपासणी हे रसायनशास्त्रज्ञाचे काम होते. संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकासाठी त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. १९८२-८३ मध्ये त्या संघटनेच्या अध्यक्षही होत्या. विद्यापीठाच्या वर्गात शिकवणारी प्राध्यापिका आता किराणा घेणाऱ्या स्त्रियांना शिकवत होती. वर्ग बदलला होता, अध्यापन तेच होते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत, ऐंशी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले.

५.२.७ हे चरित्र कसे वाचावे?

एखाद्या कर्तृत्ववान व्यक्तीचे चरित्र वाचून आपण सहजपणे एक निष्कर्ष काढतो, की जिद्द असेल तर काहीही अडत नाही. या चरित्राच्या संदर्भात हा निष्कर्ष अपुरा आहे. कमलाबाईंपाशी जिद्द होती, परंतु त्याबरोबर विद्यापीठातील पहिला क्रमांक, विज्ञान जाणणारे वडील व काका आणि पाठीशी उभे राहणारे घरही होते. एवढे सर्व असूनही त्यांना दार ठोठवावे लागले. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, अशा किती मुली अर्ज नाकारल्यावर परत गेल्या असतील? त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत. एका व्यक्तीच्या यशामुळे तिच्यावरील अन्याय क्षम्य ठरत नाही. चरित्र वाचताना लिहिल्या न गेलेल्या चरित्रांचेही भान ठेवावे लागते.

दुसरा मुद्दा रामन यांच्याविषयीचा आहे. या प्रसंगामुळे त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि त्यांच्या थोरवीमुळे प्रसंगच झाकून टाकणेही सोपे आहे. चांगला चरित्रकार दोन्ही टाळतो. थोर वैज्ञानिकही आपल्या काळाच्या पूर्वग्रहांचा वाहक असू शकतो. एक वर्षाचे काम पाहिल्यावर त्यांनी आपला निर्णय बदलला, हे नोंदवले पाहिजे. परंतु पुरुष विद्यार्थ्याला असे वर्षभर स्वतःला सिद्ध करावे लागत नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

तिसरा मुद्दा प्राध्यापकपदाविषयीचा. कमलाबाईंच्या कार्यात अध्यापन, संशोधन आणि लोकहित हे तीन कप्पे वेगळे नाहीत. वालाचा दाणा प्रयोगशाळेत तपासला गेला, विद्यार्थ्यांनी त्यावर काम करत संशोधन शिकून घेतले आणि निष्कर्ष आहाराला उपयोगी पडला. आपण आपल्या गावात शिक्षक, अंगणवाडी सेविका, आरोग्य कर्मचारी किंवा गृहिणी असाल, तरी ज्ञानाचा हा प्रवाह आपल्यापर्यंत येतो आणि आपल्याकडून पुढे जातो.

५.३ सारांश

डॉ. कमला सोहोनी यांचा जन्म इंदूर येथे, विज्ञानाची परंपरा असलेल्या भागवत घराण्यात झाला. १९३३ साली बी.एस्सी. परीक्षेत प्रथम येऊनही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. सत्याग्रहानंतर तो अटींवर मिळाला आणि त्यांच्या कामामुळे इतर स्त्रियांसाठी मार्ग खुला झाला. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई येथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. कडधान्यांतील प्रथिने, ट्रिप्सिन-रोधक आणि नीरा यांवरील त्यांचे कार्य भारतीय आहाराशी निगडित होते. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषवले आणि नंतर ग्राहक चळवळीत सहभाग घेतला. त्यांचे चरित्र व्यक्तीचे कर्तृत्व आणि संस्थांचे पूर्वग्रह या दोहोंचे दर्शन घडवते.

५.४ पारिभाषिक शब्द

जीवरसायनशास्त्र : सजीवांतील रासायनिक पदार्थ व प्रक्रिया यांचा अभ्यास करणारे शास्त्र.
प्रथिन : शरीराची वाढ व झीज भरून काढण्यासाठी आवश्यक असलेला अन्नघटक, डाळी, दूध, अंडी यांत विपुल.
विकर : सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारा किंवा त्यांची गती वाढवणारा पदार्थ.
ट्रिप्सिन-रोधक : प्रथिनांच्या पचनास मदत करणाऱ्या ट्रिप्सिन या विकराचे कार्य अडवणारा पदार्थ.
ऊती : एकसारखे कार्य करणाऱ्या पेशींचा समूह.
काकवी : गूळ करताना रस आटून मिळणारा दाट पाक.
अन्वयार्थ : घटनेचा लावलेला सुसंगत अर्थ.

५.५ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

आपली प्रगती तपासा – १
१. त्या स्त्री असल्यामुळे. संशोधनाचे काम स्त्रियांना पेलणार नाही, असे तत्कालीन संचालकांचे मत होते.
२. पहिले वर्ष नियमित न मानणे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करणे आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू न देणे.
३. दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर.

आपली प्रगती तपासा – २
१. बटाटा २. १९४९ ३. नीरा

५.६ स्वाध्याय

१. कमलाबाईंनी प्रवेशाच्या अटी मान्य केल्या, ही तडजोड होती की सत्याग्रहाचे यश? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत सुमारे ३०० शब्दांत लिहा.
२. दुर्गा भागवत आणि कमला सोहोनी यांच्या कार्यदृष्टीतील साम्य स्पष्ट करा.
३. ‘यशस्वी व्यक्तीच्या चरित्रातून तिच्या काळाचे पूर्वग्रह दिसतात.’ या विधानाची या घटकाच्या आधारे चर्चा करा.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा नात्यातील, शिक्षणासाठी अडचणींना तोंड द्यावे लागलेल्या एखाद्या ज्येष्ठ स्त्रीशी बोला. तिने शिक्षण पूर्ण केले असेल किंवा सोडून दिले असेल, दोन्ही चालेल. तिच्या संमतीने तिच्या जीवनाचे टप्पे लिहून घ्या. कोणते दार कोणी बंद केले, ते कोणी उघडले आणि जे उघडलेच नाही त्याचे काय झाले, याची नोंद करा. त्या आधारे चार पानांचे चरित्र लिहा आणि संपर्कसत्रात वाचून दाखवा. लेखन पूर्ण झाल्यावर ते प्रथम त्या स्त्रीला वाचून दाखवावे. तिचे जीवन आपण बरोबर समजून घेतले की नाही, हे तिच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.